निवताना

वाळूजच्या एका छोट्या मोल्डिंग शॉपमध्ये मी उमेदवारी करत होतो, तेव्हाची गोष्ट. ऑइलपेंटच्या डब्यांची झाकणं निघायची. मोल्ड एकच, मशीन एकच, पॉलिप्रॉपिलिनचा (पीपीचा) दाणाही एकाच लॉटमधला. सकाळच्या पाळीत पांढरी झाकणं चालली आणि ती डब्यावर टक्कन बसत होती. दुपारी रंगाचा दाणा बदलून निळी सुरू केली, तर झाकण काठावर बसेचना. व्हर्नियर लावून पाहिलं. जवळपास फूटभर व्यासाचं ते झाकण पांढऱ्यापेक्षा मिलिमीटरभर लहान निघालं होतं, आणि सपाट टेबलावर ठेवून एका कडेला बोट टेकवलं की दुसरी कडा उचलत होती. शिफ्टवाल्यांनी आधी प्रेशर वाढवलं, मग बॅरलचं तापमान बदललं, मग माझ्याकडे पाहिलं. मशीनवरचे मामा मात्र शांत होते. ते म्हणाले, “निळा माल ओढतोच रे. माझ्या सगळ्या नोकरीत ओढत आला.”

मामांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. निळा रंग माल ओढतो, म्हणजे झाकण जास्त आक्रसतं. पण रंगाचं प्रमाण होतं शंभर किलोला जेमतेम दोन किलो, आणि त्या दोन किलोतही खरा रंग थोडाच, बाकी त्याला धरून ठेवणारं प्लास्टिक. एवढ्याशा रंगानं फूटभर झाकणाचं माप कसं बदलावं? या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा कळलं की आपण शॉपमध्ये सगळं लक्ष चुकीच्या जागी देत होतो. आमच्या रजिस्टरमध्ये बॅरलच्या चार-चार झोनची तापमानं दर तासाला लिहिली जायची. मोल्ड गार ठेवणाऱ्या पाण्याचा रकाना बहुतेक वेळा कोराच. आणि पीपीसारखं प्लास्टिक जे काही होतं, ते निवताना होतं.

सुरुवात दाण्यापासून करू. मसुराएवढा, दुधी रंगाचा तो दाणा म्हणजे अतिशय लांब रेणूंचा गोळा. प्लास्टिक, रबर, रेशीम यांचे रेणू हे एकाला एक जोडलेल्या घटकांच्या लांबच लांब साखळ्या, म्हणजे पॉलिमर, असतात, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० साली मांडलं. इतका मोठा रेणू असूच शकत नाही असं तेव्हाचे बडे शास्त्रज्ञ त्यांना सांगत राहिले. श्टाउडिंगर यांना नोबेल मिळालं ते १९५३ मध्ये, वयाची सत्तरी ओलांडल्यावर.

ही साखळी किती लांब? सगळ्यात साधी साखळी पॉलिथिनची. तिच्या एका बेताच्या रेणूत सुमारे सात हजार कार्बन अणू एकापुढे एक असतात. तो रेणू ताणून सरळ केला तर एक मायक्रॉनच्या आसपास भरेल, आणि जाडी मिलिमीटरच्या वीस लाखाव्या भागाएवढी. डोळ्यांसमोर यावं म्हणून शेवई घ्या. एक मिलिमीटर जाडीची शेवई असेल, तर ती पावणेदोन मीटर लांब असेल. आता अशा लाखो शेवया एका पातेल्यात उकळत आहेत असं समजा. प्रत्येक शेवई वळवळते आहे, शेजारच्या पन्नास शेवयांत अडकली आहे, एका टोकाला सुटते तर दुसरीकडे गुंतते. वितळलेलं प्लास्टिक आतून असंच असतं. मशीनच्या नोझलमधून टपकणारा मधासारखा घट्ट रस म्हणजे हाच गुंता.

तो गार व्हायला लागला की काय होतं, हे साखळीच्या घडणीवर ठरतं. पॉलिस्टायरिन, अॅक्रिलिक, हेल्मेटच्या काचेचं पॉलिकार्बोनेट, यांच्या साखळ्या एकतर अनियमित असतात किंवा आखडलेल्या. त्या गुंता आहे तसाच घेऊन थिजतात. काचही अशीच थिजलेली असते, म्हणून ही प्लास्टिकं काचेसारखी पारदर्शक दिसतात. पण साखळी नियमित असेल, तर ती शेजारणीला चिकटून, अंगाला अंग लावून बसू पाहते. तसं बसणं म्हणजेच स्फटिक होणं. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन, नायलॉन, गिअरसाठी वापरतात ते अॅसिटाल, बाटलीचं पेट, ही सगळी या जातीची. पॉलिप्रॉपिलिन तर या नियमितपणाचं अगदी नेमकं उदाहरण आहे. मिलानमध्ये जुलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये त्याची अशी साखळी बनवली की तिच्या कडेला लोंबणारे सगळे मिथिल गट एकाच बाजूला लागलेले होते. तेच गट वाटेल तसे, इकडे-तिकडे लागले तर तेच रसायन चिकट, मेणचट राहतं आणि त्याची बादली होऊ शकत नाही. नुसत्या बाजू बदलण्यानं मेणाची बादली होते. नात्ता आणि कार्ल झिगलर यांना १९६३ चं नोबेल मिळालं, त्यामागे ही शिस्त लावण्याची युक्ती होती.

तरीही पूर्ण स्फटिक काही होत नाही. साखरेचा खडा जवळजवळ शंभर टक्के स्फटिक असतो, कारण साखरेचा रेणू छोटा आणि सुटा आहे, तो हवा तसा वळून जागेवर बसतो. पावणेदोन मीटरच्या शेवईला ते जमत नाही. तिचा एक भाग इथे ओळीत लागतो, मधला भाग गुंत्यात अडकून राहतो, पुढचा भाग दुसऱ्याच ओळीत ओढला जातो. म्हणून या प्लास्टिकांना अर्धस्फटिकी म्हणतात. बादलीच्या एचडीपीई या पॉलिथिनमध्ये साठ ते ऐंशी टक्के भाग स्फटिकी असतो, पीपीमध्ये निम्म्याच्या आसपास. उरलेला भाग विस्कळीतच राहतो, आणि ते आपल्या फायद्याचं आहे. स्फटिकी भाग ताकद देतो, विस्कळीत भाग लवचीकपणा. डब्याचं झाकण दहा वेळा वाकवून काढलं तरी तडकत नाही ते या दुसऱ्या भागामुळे.

आता या ओळी दिसतात कशा? बराच काळ समजूत अशी होती की काही ठिकाणी पुष्कळ साखळ्यांची मोळी बांधली जाते आणि मोळीच्या बाहेर त्यांची टोकं झालरीसारखी सुटी राहतात. चित्र सोपं होतं, पटण्यासारखंही. ते मोडलं १९५७ साली. ब्रिस्टल विद्यापीठात अँड्र्यू केलर यांनी पॉलिथिन गरम झायलीनमध्ये अगदी विरळ विरघळवलं आणि सावकाश निवू दिलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना पातळ, शंकरपाळ्याच्या आकाराचे पापुद्रे दिसले. प्रत्येकाची जाडी साधारण दहा नॅनोमीटर. एका केसाच्या जाडीत असे आठ हजार पापुद्रे एकावर एक मावतील. जाडी सांगून गोष्ट संपत नव्हती. साखळ्या पापुद्र्याला लंबरूप उभ्या होत्या. साखळी मायक्रॉनभर लांब आणि पापुद्रा त्याच्या शंभराव्या भागाएवढा जाड, तर मग उरलेली साखळी गेली कुठे? एकच उत्तर शक्य होतं. साखळी वर जाते, कडेला पोचली की वळते, खाली येते, पुन्हा वळते. पैठणी कपाटात ठेवताना जशा घडीवर घडी घालतात, तशा घड्या. आपल्या शेवईच्या मापात दर दोन सेंटिमीटरला एक घडी. त्याच वर्षी आणखी दोघांना स्वतंत्रपणे असेच स्फटिक मिळाले. आणि बेल प्रयोगशाळेतल्या के. एच. स्टॉर्क्स यांनी तर १९३८ मध्येच गटापर्चाबद्दल असा घड्यांचा अंदाज लिहून ठेवला होता. तो जवळपास वीस वर्षं कुणी मनावर घेतला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

हे पापुद्रे वितळलेल्या मालात एकेकटे वाढत नाहीत. एखाद्या बिंदूपाशी पहिला पापुद्रा धरतो, त्याला फाटे फुटतात, फाट्यांना फाटे, आणि सगळ्या दिशांनी पसरत एक गोल तयार होतो. त्याला गोलिका म्हणू. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी ती पहिल्यांदा पाहिली. काचपट्टीवर पीपीचा नखाएवढा तुकडा, वर दुसरी काच, खाली छोटी शेगडी आणि दोन ध्रुवक लावलेला सूक्ष्मदर्शक. दोनशे अंशांना सगळं काळंकुट्ट दिसतं, कारण वितळलेल्या मालात कुठलीच दिशा नसते. मग तापमान एकशेतीसवर आणून थांबायचं. बराच वेळ काही होत नाही. मग अंधारात एक उजळ ठिपका. मग दुसरा, लांब कोपऱ्यात. ठिपक्याची टिकली होते, टिकलीचा रुपया, आणि प्रत्येक रुपयावर एक काळी फुली, चार पाकळ्यांच्या फुलासारखी. ते गोल एकाच चालीनं वाढत राहतात आणि एकमेकांना भिडले की थांबतात. भिडल्यावर मध्ये सरळ रेघ पडते, शेताच्या बांधासारखी. दहा-पंधरा मिनिटांत सगळं मैदान वाटून घेतलेलं असतं. सरांनी दुसरी काचपट्टी तशीच वितळवून थेट गार फरशीवर टेकवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तिच्यात गोलिका होत्या, पण इतक्या बारीक की नुसती चमचम दिसत होती.

याचं कारण आपल्या स्वयंपाकघरात आहे. कढवलेलं तूप आजी गाळून बरणीत ओतायची आणि फडताळात ठेवून द्यायची. हलवायचं नाही, उघडायचं नाही. सकाळी ते रवाळ झालेलं असायचं. तेच तूप घाईनं फ्रिजमध्ये ठेवलं तर एकजीव, गुळगुळीत होतं. चरबीचे रेणू छोटे, पॉलिमरचे प्रचंड, पण हिशोब तोच आहे. निवताना दोन गोष्टी घडाव्या लागतात: आधी कुठेतरी बीज धरायला हवं आणि मग त्या बिजावर वाढ व्हायला हवी. वितळणबिंदूच्या थोडंसं खाली बीज धरणं फार अवघड असतं, कारण चार-दोन साखळ्या एकत्र आल्या तरी उष्णतेचे धक्के त्यांना पुन्हा विस्कटतात. म्हणून तिथे बिया थोड्या, वाढायला जागा भरपूर, आणि रवा मोठा. फार खाली गेलं तर बिया ठिकठिकाणी धरतात, पण साखळ्याच आखडून जड झालेल्या असतात, त्यांना सरकता येत नाही. स्फटिक होण्याचा वेग म्हणून मध्येच कुठेतरी सगळ्यात जास्त असतो आणि दोन्ही टोकांना शून्यावर येतो. आलेख काढला तर घंटेसारखा आकार येतो.

त्यामुळे पीपी १६५ अंशांच्या आसपास वितळतं, पण निवताना १६५ ला गोठत नाही. प्रयोगशाळेत मिनिटाला दहा अंश या वेगानं गार केलं तर ते साधारण १२० पर्यंत वितळलेलंच राहतं, आणि मग भराभर स्फटिक होत अंगातली उष्णता बाहेर टाकतं. वितळणं आणि गोठणं यांतलं हे चाळीस-पंचेचाळीस अंशांचं अंतर मोल्डिंग करणाऱ्यानं पाठ करावं असं आहे. झाकणाचं भवितव्य याच अंतरात ठरतं.

मोल्डमध्ये काय होतं ते पाहू. २२० अंशांचा माल तीस-पस्तीस अंशांच्या पोलादाला धडकतो. पोलादाला चिकटलेला थर क्षणात गार होतो. त्याला ओळीत लागायला वेळच मिळत नाही. त्याच्या आतला माल अजून गरम असतो आणि प्लास्टिक उष्णता फार सावकाश सोडतं, त्यामुळे पोटातल्या साखळ्यांना निवांत वेळ मिळतो. बाहेर बारीक कण्या, आत मोठा रवा. एकाच झाकणाच्या दीड मिलिमीटर जाडीत दोन वेगळी प्लास्टिकं तयार होतात. आणि स्फटिकी भागात साखळ्या दाटीनं बसत असल्यानं तो कमी जागा घेतो. पूर्ण स्फटिकी पॉलिथिनच्या एका घनसेंटिमीटरचं वजन एक ग्रॅम भरतं, पूर्ण विस्कळीत पॉलिथिनचं ०.८५५. म्हणजे जितका भाग ओळीत लागला, तितका माल आक्रसला. एबीएससारखं न स्फटिकणारं प्लास्टिक मोल्डमधून निघाल्यावर अर्ध्या टक्क्यानं आक्रसतं. पीपी एक ते अडीच टक्के, एचडीपीई त्याहूनही जास्त. टूलरूममध्ये मोल्ड कापणारा माणूस म्हणूनच डाय नेहमी मालापेक्षा मोठी कापतो. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये आणि सिपेट या प्लास्टिक-संस्थेच्या केंद्रात शिकणाऱ्या पोरांना ही टक्केवारी पहिल्या काही धड्यांतच भेटते. पण ती एका आकड्यात का सांगता येत नाही, एक ते अडीच असा पल्ला का द्यावा लागतो, हे मशीनवर उभं राहिल्याशिवाय उमगत नाही. भिंत जाड तर आक्रसणं जास्त, पाणी गरम तर जास्त, एका बाजूला पाण्याची नळी गाळानं बुजली तर त्या बाजूला जास्त. एक बाजू जास्त आक्रसली की झाकण वाकतं.

पाण्यावरून एक सांगायचं राहायला नको. आमच्या शॉपमध्ये चिलर नव्हता, कूलिंग टॉवरचंच पाणी मोल्डला जायचं. मी धरून चाललो होतो की मे महिन्यात, बाहेर बेचाळीस अंश असताना, त्रास जास्त होणार. तो व्हायचा जुलैत. टॉवर म्हणजे एक मोठा माठ. माठ पाणी बाहेर झिरपवून, ते उडवून आतलं पाणी गार करतो. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी झपाट्यानं उडतं, म्हणून माठातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार. पावसाळी दमट हवेत पाणी उडायलाच तयार नसतं, आणि हवा पंधरा अंशांनी उतरलेली असूनही माठ कोमट राहतो. टॉवरही तसाच. पाणी दोन-तीन अंशांनी वाढलं की माल निवायला वेळ जास्त, स्फटिक जास्त, माप कमी.

आता निळ्या झाकणाकडे येऊ. आमच्या रंगाच्या दाण्यात जो निळा होता त्याचं नाव थॅलोसायनिन. या कुळाचा शोध १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या रंगकारखान्यात अपघातानं लागला. एका भांड्याचं काचेचं अस्तर तडकलं, आतलं लोखंड उघडं पडलं आणि पांढऱ्या रसायनात गडद निळी अशुद्धी दिसली. तांब्याचा निळा थॅलोसायनिन १९३५ पासून बाजारात आला. उन्हात न उडणारा, उष्णतेला न डरणारा, स्वस्त. ताडपत्री, पाण्याचे पाइप, ड्रम, खुर्च्या, निळं दिसेल तिथे बहुतेक तोच. तो मालात विरघळत नाही, अतिशय बारीक स्फटिकांच्या रूपात विखुरतो. आणि त्या कणांच्या पृष्ठभागावरची अणूंची मांडणी पीपीच्या साखळ्यांना टेकायला सोयीची पडते. खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात तो यासाठीच. पाकाला स्वतःहून बीज धरायला वेळ लागतो, दोरा मिळाला की त्यावर खडे लगेच बसतात. निळ्या रंगानं आमच्या मालात असे कोट्यवधी दोरे सोडले होते. पांढरा माल जिथे अजून वाट पाहत असायचा, तिथे निळ्यानं दहा-बारा अंश आधीच स्फटिक व्हायला सुरुवात केलेली असायची. लवकर सुरुवात म्हणजे मोल्ड उघडेपर्यंत जास्त भाग ओळीत. शिवाय माल गेटमधून, म्हणजे मोल्डच्या तोंडातून, ज्या दिशेनं वाहत गेला त्या दिशेचं आक्रसणं आणि आडवं आक्रसणं यांत फरक पडतो, म्हणून झाकण नुसतं लहान होत नाही, वाकतंही. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड या बाबतीत गरीब आहे. ते मालात पडून असतं, साखळ्यांना फारसं बोलावत नाही.

मग उपाय? निळ्यासाठी वेगळा मोल्ड करणं परवडत नाही. प्रेशर, वेळ, पाणी यांत जुळवाजुळव करून काही भाग सावरता येतो. पण खरी युक्ती उलटी आहे: सगळ्याच रंगांत, अगदी पांढऱ्यातही, निळ्यापेक्षा जबर असा बीजकारक घालायचा. मग बीज कुणामुळे धरायचं हे रंगाच्या हाती राहत नाही. सगळे रंग एकाच तापमानाला स्फटिक होतात आणि सारखेच आक्रसतात. मोल्ड त्या एका मापाला कापून घ्यायचा. माल लवकर गोठत असल्यानं मोल्डही लवकर उघडता येतो, आणि दर शॉटमागे वाचलेले दोन सेकंद पाळीअखेर काही शे झाकणं होतात. बीजकारक म्हणजे काही अद्भुत वस्तू नाही. टाल्कची पूड चालते, सोडियम बेंझोएट चालतं, तेच जे लोणच्या-सरबतांत टिकाऊपणासाठी घालतात. सॉर्बिटॉलपासून बनवलेले काही बीजकारक तर गोलिका इतक्या बारीक करतात की त्या प्रकाशाला अडवेनाशा होतात. घरातला दुधी डबा आणि ज्यातून आतली चकली दिसते तो डबा दोन्ही पीपीचेच असू शकतात. दुधी डब्यात गोलिका प्रकाशाच्या तरंगलांबीहून मोठ्या, दुसऱ्यात खूप लहान.

इथवर सगळी धडपड स्फटिक लवकर व्हावेत यासाठी. याच परिसरात ते होऊच नयेत म्हणून धडपडणारे कारखानेही आहेत. चिकलठाण्यात आणि वाळूजला पूर्वीच्या गरवारे पॉलिस्टरचे, आता गरवारे हाय-टेक फिल्म्स म्हणतात त्या कंपनीचे, पॉलिस्टर फिल्मचे प्रकल्प आहेत. आबासाहेब गरवारे यांच्या उद्योगांतली ही शाखा. पॉलिस्टर फिल्म म्हणजे पेट, पाण्याच्या बाटलीतलंच. पेटच्या साखळीत बेंझिनची ताठ कडी आहे, त्यामुळे ती घडी घालायला फार वेळ घेते. अगदी सोयीच्या तापमानाला, १७५ अंशांच्या आसपास, तिला बऱ्याच सेकंदांची सवड लागते. पॉलिथिनला कारखान्यातल्या कुठल्याही वेगानं गार करा, ते स्फटिक बनवतंच. पेटला मात्र हुलकावणी देता येते.

फिल्म करताना नेमकं तेच करतात. २८० अंशांच्या सुमाराचा रस रुंद फटीतून पडद्यासारखा खाली येतो आणि आतून गार पाणी खेळवलेल्या, आरशासारख्या गुळगुळीत रोलवर पडतो. घंटेच्या आकाराचा सगळा धोक्याचा पट्टा क्षणार्धात पार होतो. साखळ्यांना काही सुचायच्या आत त्या थिजतात. मिळतो काचेसारखा स्वच्छ, पण कच्चा पत्रा. मग तो पुन्हा ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत उबवतात, म्हणजे साखळ्या हलू लागतील इतपतच, आणि लांबीच्या दिशेनं तीन-साडेतीन पट ओढतात. पुढे दोन्ही कडा चिमट्यांच्या साखळीत धरून रुंदीलाही तितकंच ताणतात. शेवयांचा गुंता ओढला की शेवया आपोआप ओढीच्या दिशेत सरळ होतात. शेजारी सरळ, आपणही सरळ, मग जुळायला कितीसा वेळ? जे स्फटिक व्हायला मिनिटभर लागलं असतं ते ओढण्याच्या क्षणातच होतात. पण ते फार लहान आणि एका दिशेत लागलेले असतात, गोल वाढायला त्यांना वावच नसतो, म्हणून फिल्म पारदर्शक राहते. शेवटी ताणलेल्या स्थितीतच दोनशेच्या वर तापवून स्फटिक पक्के करतात. ही शेवटची पायरी चुकली तर फिल्म उन्हात तापल्यावर आपलं जुनं माप आठवून आवळते. गाडीच्या काचेवर लावलेली फिल्म एप्रिलच्या उन्हात जागची हलत नाही, ती या शेवटच्या तापवण्यामुळे.

वाळूज आणि शेंद्र्याला कॉस्मो या कंपनीच्या प्रकल्पांत पीपीची अशीच दोन्हीकडे ताणलेली फिल्म होते. पुस्तकांच्या मुखपृष्ठावरचं चकचकीत आवरण बहुधा याच जातीचं असतं. पीपीला पेटसारखं पूर्ण फसवता येत नाही. ते रोलवर थोडे तरी स्फटिक करतंच. मग ते वितळायच्या जरा अलीकडेपर्यंत तापवून रुंदीला आठ-नऊ पट ओढतात, आणि सुरुवातीचे घड्यांचे पापुद्रे उलगडून नवे, ताणाच्या दिशेतले स्फटिक होतात.

या ओढण्याच्या विद्येत माणूस नवखा आहे. एखाद्या जुन्या दुकानात हिमरू शाल हातात घ्या. तिच्यातला सुती धागा सेल्युलोजचा आणि रेशमी धागा फायब्रॉइनचा, दोन्ही अर्धस्फटिकी पॉलिमर. जालन्याच्या कोष बाजारात शेतकरी पोत्यांनी कोष आणतात, त्या प्रत्येक कोषासाठी अळीनं डोकं आठाच्या आकड्यासारखं फिरवत, अंगातला द्रव बाहेर ओढत शेकडो मीटर अखंड धागा काढलेला असतो. तिथे २८० अंश नाहीत, गार रोल नाही. द्रव धाग्यात ओढला जाताना प्रथिनाच्या साखळ्या सरळ होतात आणि खोलीच्या तापमानालाच एकमेकींना पक्क्या चिकटतात.

आमच्या झाकणाचं शेवटी काय झालं ते सांगतो. पुढच्या वर्षी दाणा पुरवणाऱ्या पार्टीनं बीजकारक घातलेला दाणा द्यायला सुरुवात केली आणि निळ्या-पांढऱ्याचा झगडा मिटला. त्याआधी मात्र मामांनी मला एक सवय लावली होती. मशीनमधून निघालेलं झाकण लगेच मोजायचं नाही. पीपीचा विस्कळीत भाग थिजतो तो शून्य अंशाच्या आसपास, त्यामुळे आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत त्या साखळ्या खोलीच्या तापमानाला जाग्याच असतात. हाताला झाकण गार लागतं, कडक लागतं, पण आत एखादी साखळी इथे वळते, एखादी तिथे ओळीत शिरते, आणि माप हळूहळू उतरत जातं. बहुतेक उतार पहिल्या काही तासांत, उरलेला एक-दोन दिवसांत. म्हणून प्रत्येक पाळीची दहा झाकणं मार्करनं तारीख-वेळ घालून क्वालिटीच्या टेबलामागच्या रॅकवर ओळीनं मांडायची. रात्रपाळीला मशीनांचा आवाज चालू असायचा आणि ती झाकणं तिथे निमूट आवळत असायची. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला व्हर्नियर घेऊन जायचं आणि मग रजिस्टरमध्ये माप लिहायचं.